जुनी अवजारे विकताना

जुने ड्रिल यंत्र वा सुतारी रंधा ऑनलाइन विकावयास काढला असता एखादे गिऱ्हाईक वस्तू न पाहता, घासाघीसही न करता पैसे पाठविण्यास तयार होते. शंका येथेच यावी. पाते तपासल्याविना रंधा कोण घेतो? पुढे ‘रक्कम स्वीकारण्यासाठी’ क्यूआर कोड येतो. तो स्कॅन करून यूपीआय पिन टाकताच विक्रेत्याच्याच खात्यातून रक्कम वजा होते. पैसे मिळण्यास पिन कधीही लागत नाही. जमेचा लघुसंदेशही बनावट असू शकतो. खात्यातील शिल्लक पाहूनच अवजार सुपूर्द करावे. यंत्र चालवून दाखविणे भागच असते, त्यासाठी घराऐवजी परिचिताचे दुकान बरे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर व बँकेस तत्काळ कळवावे. विलंबाने रक्कम अन्य खात्यांत वळती होते.