पुंगळी पारखताना : वापरलेलं पितळ आणि लक्षणाचा प्रश्न



मागच्या व्याख्यानात आपण लक्षणाचे तीन दोष पाहिले : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. त्यावर काही श्रोत्यांची तक्रार आली, की न्यायशास्त्रातली गाय आणि तिची शिंगं ऐकून कंटाळा आला, रोजच्या व्यवहारात याचा उपयोग काय? तक्रार रास्त आहे. म्हणून आज गाय गोठ्यातच राहू द्या. आज आपण पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या निवडणार आहोत.

आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत, ॲरिझोनात असतो. रविवारी नेमबाजीला जातो आणि झाडलेल्या पुंगळ्या घरी आणून पुन्हा भरतो. तिथे स्वतःच्या वापरापुरतं असं करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो, तेव्हा हा घरी करायचा उद्योग नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोन दिवस पुंगळ्या निवडल्या. आमच्याकडून एक चूकही झाली. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी वस्तू समजून घेऊ. काडतुसाचे भाग चार : पुंगळी, तिच्या तळातला प्रायमर, आतली दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. झाडल्यावर प्रायमर आणि दारू जळून जातात, गोळी निघून जाते, पुंगळी उरते. ती साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. दाब आला की हे पितळ फुगतं, नळीच्या मागच्या खोबणीला घट्ट चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की किंचित आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर निघते. फुगून परत आकसण्याच्या या गुणामुळेच ती पुन्हा भरता येते. मात्र हा गुण दर वेळी थोडा थोडा झिजतो.

आता निवड. पहिलं लक्षण कोणालाही सुचेल : पिवळी ती पितळी. बघा, एकाच लक्षणात दोन दोष आले. काही पुंगळ्या पोलादाच्या असून वर पितळेचा पातळ मुलामा असतो. दिसायला पिवळ्या, पण पितळी नव्हेत. ही अतिव्याप्ती. उलट काही पुंगळ्या अस्सल पितळेच्या, पण निकेलच्या मुलाम्यामुळे चांदीसारख्या पांढऱ्या. पितळी असून लक्षणाबाहेर राहिल्या, ही अव्याप्ती. मग करायचं काय? लोहचुंबक फिरवायचा. पोलाद त्याला चिकटतं, ते बाजूला. पांढऱ्यांत ॲल्युमिनियमच्याही असतात. त्यांना चुंबक ओढत नाही, पण त्या हलक्या लागतात. त्याही बाद, कारण ॲल्युमिनियम पुन्हा ताणायला पितळेइतकं सोशिक नाही. निकेलवाल्या चालतात, पण त्यांची तोंडं लवकर चिरतात, म्हणून त्यांचा ढीग वेगळा.

दुसरी पायरी मापाची. गॅरेजमध्ये एकाखाली एक तीन चाळण्या होत्या. वरच्या चाळणीत .४५ अडकते, मधल्या चाळणीत .४०, खालच्या चाळणीत ९ मिलिमीटर. ज्वारी चाळावी तसं चाळायचं. पण एक गंमत ध्यानात ठेवा. ९ मिलिमीटरची पुंगळी .४०च्या पोटात जाऊन बसते आणि .४०ची .४५च्या. म्हणून प्रत्येकीच्या आत डोकावायचं. आत खडा असतो, कधी .२२ची चिमुकली पुंगळीही असते. ही .२२ मात्र पुन्हा भरण्याजोगी नसते, कारण तिचं पेटतं रसायन तळाच्या कडेत भरलेलं असतं आणि सुई आपटली की ती कड चेपते. कोल्हापूरच्या राही सरनोबतांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ते याच जातीच्या काडतुसांनी.

आणि रेंजवरच्या बादलीत न झाडलेलं काडतूस सापडलं तर? ते उघडायचं नाही, ठोकायचं नाही. रेंजच्या अधिकाऱ्याच्या हाती द्यायचं. इथे तत्त्वज्ञान नको.

तिसरी पायरी, तळावरचा शिक्का. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ तुमच्यापैकी कोणी पाहिला असेल. तसा प्रत्येक कारखान्याचा असतो. नेटो या लष्करी आघाडीचा शिक्का म्हणजे वर्तुळात फुली. तो दिसला की समजायचं, प्रायमर जागेवर राहावा म्हणून खोबणीची कड बहुधा आत दाबलेली असणार. ती आधी मोकळी करावी लागते, नाहीतर नवा प्रायमर चेपत आत जातो. मग तळाचं भोक पाहायचं. मध्यभागी एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धत. दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. बॉक्सर इंग्रज होते आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत रुजली ती इंग्रजाची पद्धत! घरी भरणाऱ्याला बॉक्सरच सोयीची. बर्डनवर जुना प्रायमर काढणारी सुई मोडते. शिवाय .४५मध्ये प्रायमरच्या खोबणी दोन मापांच्या असतात, मोठी आणि छोटी, त्यांचेही ढीग वेगळे.

आता आमची चूक. .३८० नावाची एक पुंगळी आहे. तिची गोळीही नऊ मिलिमीटरचीच, पण पुंगळीची लांबी १७.३ मिलिमीटर. नेहमीच्या ९ मिलिमीटरची लांबी १९.१५. युरोपातले काही कारखाने या छोटीवरही ‘९ मिमी’ लिहितात आणि पुढे ‘कुर्झ’ किंवा ‘कोर्टो’, म्हणजे आखूड. आम्ही ‘९’ वाचला आणि पुढे सरकलो. दोन आखूड पुंगळ्या आमच्या ढिगात गेल्या. विद्यार्थ्याने सगळ्या पुंगळ्या टेबलावर उभ्या मांडल्या, आणि पडलेल्या दातासारख्या त्या दोन जागा उघड्या पडल्या. तो म्हणाला, “सर, परीक्षेत आमचं अर्धं वाक्य वाचून तुम्ही कधी गुण दिले नाहीत.”

यात धोका काय? ९ मिलिमीटरची पुंगळी तोंडाच्या कडेवर टेकून नळीत थांबते. आखूड पुंगळी हवी तिथे थांबत नाही, आणि तिचं तोंड गोळीला नीट आवळत नाही. गोळी आत ढकलली गेली की दारूला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. दाब वाढला की तो पिस्तूल धरलेल्या हातापर्यंत येतो. तो हात आमचा नव्हता. आम्ही दुपारी चहा पिऊन झोपलो असतो. झाडणारा तो होता.

चौथी पायरी अंगावरचे दोष. तोंडाला चीर, बाजूला तडा, तळाजवळ फुगवटा, आतल्या बाजूला पायरीसारखी कड : यांतलं काहीही दिसलं की बाद. नवा प्रायमर बोटाच्या जोरानेच आत गेला तर खोबण सैल झाली, तीही बाद. आणि एक परीक्षा आमच्या आजीचीच. बाजारात ती मडकं वाजवून घ्यायची. चार-पाच पुंगळ्या तळहातावर खुळखुळवल्या की चांगल्या खणखणतात आणि चिरलेली बद्द वाजते. डोळ्यांना न दिसलेली चीर कानाला कळते.

स्वच्छतेबद्दल दोनच गोष्टी. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, म्हणून हातमोजे घालायचे, हात धुवायचे, आणि हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही. दुसरं, अमोनिया असलेलं पॉलिश वापरायचं नाही. याचा इतिहास आपल्याच भूमीवरचा आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत आणि आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेतला ताण मिळून हे होतं, याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. चकाकणारी पुंगळी निरोगी असतेच असं नाही.

शेवटी प्रमाणाचा प्रश्न. विकणारा सांगतो, “एकदाच झाडलेली आहे.” हे शब्दप्रमाण, आणि सांगणारा आप्त असेल तरच ग्राह्य. लष्करी दाबलेली कड शाबूत असेल तर अनुमानाला आधार मिळतो, कारण ती कड पहिल्या भरण्याआधीच काढावी लागते. बाकी पुंगळी किती वेळा भरली, हे नुसतं पाहून कळत नाही. ज्याने स्वतः पहिली पेटी विकत घेतली आणि खूण करून मोजत गेला, त्यालाच ते कळतं.

वर्गात आम्ही शिकवत आलो की संशयातून जिज्ञासा सुरू होते. त्या टेबलावर नियम उलटा होता : संशय आला की विचार थांबवा, पुंगळी बाद. फार तर एक चांगली पुंगळी फुकट जाईल. आणि बाद केलेली परत बादलीत टाकायची नाही, कारण उद्या ती दुसरा कोणीतरी उचलतो. पकडीने तिचं तोंड चेपायचं आणि मग भंगारात टाकायची. त्या दोन .३८० मात्र आम्ही चेपल्या नाहीत. त्या निरोगी होत्या, फक्त चुकीच्या ढिगात होत्या. त्यांना त्यांचा ढीग दिला.

पुढच्या वेळी हेत्वाभास घेऊ.