हजेरीपटात न मावलेले आयुष्य

गिरणी कामगाराच्या नोकरीची खूण कागदावर फार थोडी उरते. हजेरीपटावरचा क्रमांक, खाते, पाळी, पगार, प्रॉव्हिडंट फंडाची पावती आणि अखेरीस राजीनामा किंवा कामावरून कमी केल्याचे पत्र. माणूस किती दिवस कामावर आला हे त्यावरून कळते. त्याला गिरणीत कोणी लावले, मुंबईत आल्यावर तो कोणत्या गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकून झोपला, बदली कामगार म्हणून सकाळी दरवाजाशी उभा राहून काम न मिळता परतताना त्याच्या मनात काय येई, हे मात्र त्या कागदांत नसते. ज्याने ते आयुष्य काढले त्याच्याशी तयारीनिशी बोलायचे, बोलणे ध्वनिमुद्रित करून शब्दशः उतरवायचे, इतर पुराव्यांशी ताडायचे आणि पुढच्या अभ्यासकांसाठी जपायचे, या पद्धतीला मौखिक इतिहास म्हणतात.

विद्यापीठीय संशोधनात या पद्धतीचा आरंभ बड्या लोकांपासून झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी 1948 मध्ये हे काम संस्थेच्या पातळीवर सुरू केले. टेलिफोनमुळे पुढारी पत्रे लिहीनासे झाले, तेव्हा उद्याच्या इतिहासकाराला त्यांचे विचार सापडणार कुठे, ही त्यांची काळजी होती. पहिल्या मुलाखतीला ध्वनिमुद्रकही नव्हता; एका विद्यार्थ्याने बोलणे हाताने टिपले. सामान्य माणसांकडे लक्ष वळले ते पुढच्या पिढीत. ब्रिटनमध्ये पॉल थॉम्पसन यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच्या कौटुंबिक आणि कामाच्या जीवनाविषयी चारशेहून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. त्यांची निवड करताना 1911 च्या जनगणनेतले व्यवसाय, प्रदेश आणि स्त्री-पुरुष यांचे प्रमाण पाळले गेले. भेटेल त्याच्या आठवणी गोळा करणे आणि संशोधन करणे, यातला फरक इथे स्पष्ट होतो.

मुंबईच्या गिरणगावाला अशा कामाची गरज विशेष होती. 18 जानेवारी 1982 पासून कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला. पुढच्या वर्षांत गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती उभ्या राहू लागल्या. वस्तीच नाहीशी होत असताना मीना मेनन आणि वास्तुरचनाकार नीरा आडारकर यांनी कामगार, त्यांच्या घरच्या बायका, युनियनचे कार्यकर्ते, शाहीर आणि कलावंत यांना बोलते केले. त्यातून 2004 मध्ये ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा ग्रंथ झाला. त्याची प्रस्तावना राजनारायण चंदावरकर यांची आहे. मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास ज्यांनी केंब्रिजमध्ये राहून दप्तरांच्या आधारे उभा केला, त्या विद्वानाने या आवाजांना दिलेली ही जोड मोलाची आहे. दप्तर आणि आठवण एकमेकांच्या विरोधात नसतात, हे तिथे प्रत्यक्ष दिसते.

अशा कथनांत गिरणीची भिंत ओलांडून गिरणगाव दिसू लागते. साचेखात्यातला माणूस स्वतःबद्दल सांगताना एकट्याबद्दल सांगत नाही. गावच्या मंडळाचा गाळा, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपण्याची सोय, कामगार भरती करणाऱ्या जॉबरची मर्जी, गणपती-शिमग्याला गावी जाण्यासाठी मागितलेली रजा, भजनी मंडळ, लाल बावट्याची सभा, संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा हे सगळे त्याच्या ‘नोकरी’त मोडते. खाणावळ चालवणाऱ्या बाईचे तर नावही कोणत्या हजेरीपटावर नव्हते. दोन वेळा गाववाल्यांची ताटे वाढून तिने अनेक संसार चालवले. तिच्या श्रमाशिवाय गिरणीची पाळी भरली नसती. उत्पादनाचे आकडे मांडणाऱ्या अहवालात तिला जागा नाही. तिचे काम इतिहासात येण्याचा एकच रस्ता आहे, तो म्हणजे तिच्याकडून किंवा तिच्या हातचे जेवलेल्यांकडून ते ऐकणे.

आठवण चुकते, हा या पद्धतीवरचा जुना आक्षेप आहे आणि तो खराही आहे. माणसे सनावळी विसरतात, दोन प्रसंग एक करतात, नंतर ऐकलेले स्वतः पाहिल्यासारखे सांगतात. या आक्षेपाला सर्वांत समर्थ उत्तर इटलीचे मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दिले. तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार 17 मार्च 1949 रोजी पोलिसांच्या हातून मारला गेला. नाटो करारात इटलीने सामील होण्याविरुद्ध त्या दिवशी निदर्शने होती. पोर्तेल्ली यांना मात्र अनेक कामगारांनी सांगितले की तो 1953 मध्ये, पोलाद कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. कागद पाहता हे चूक होते. पण इतक्या लोकांनी एकच चूक का करावी? आपल्या सोबत्याचा मृत्यू एका निदर्शनात, जवळजवळ योगायोगाने व्हावा आणि त्याला उत्तरही देता येऊ नये, हे त्यांना सोसवत नव्हते. नोकरी आणि अब्रू वाचवण्याच्या लढ्याशी जोडल्यावर त्या मरणाला अर्थ आला. तारीख कागदाने दिली, कामगारांच्या मनातला सल त्या चुकीने दाखवला. चूक ओळखायला मात्र कागद हाताशी असावाच लागतो.

म्हणून मुलाखतीआधीची तयारी मुलाखतीइतकीच महत्त्वाची ठरते. अभ्यासक त्या धंद्याची भाषा शिकतो, घटनांचा कालक्रम मांडतो, शक्य असेल तर युनियनची पत्रके आणि जुनी वर्तमानपत्रे वाचून जातो. ‘संपात तुम्हाला त्रास झाला का?’ या प्रश्नाला हो-नाही एवढेच उत्तर मिळते. ‘पगार बंद झाला त्या महिन्यात घर कसे चालले?’ असे विचारले की दागिने, उधारी, गावी पाठवलेली मुले, बायकोने धरलेले काम असे एकेक बाहेर येऊ लागते. सन आठवत नसेल तर लग्न, मुलाचा जन्म किंवा दुष्काळ धरून मागे जाता येते. घरातले इतर लोक समोर असले की बोलणे बदलते, विशेषतः स्त्रियांचे. त्यामुळे एकाच व्यक्तीला पुन्हा, निवांतपणे भेटणे चांगले. आणि गप्प बसलेल्या माणसाला घाई करू नये, कारण महत्त्वाचे बोलणे पुष्कळदा त्यानंतरच येते.

मराठीत या कामाचा एक पायाभूत ग्रंथ 1989 चा आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकाने आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा सहभाग नोंदवला. महाडचा 1927 चा सत्याग्रह, नाशिकचा काळाराम मंदिर प्रवेशाचा लढा, नागपूरची 1942 ची महिला परिषद यांचे इतिहास लिहिले गेले होते, पण त्यांत स्त्रिया बहुधा गर्दी म्हणून येत. लेखिकांनी या कार्यकर्त्यांना शोधून काढले, घरी जाऊन भेटी घेतल्या आणि त्यांची आयुष्ये नावानिशी मांडली. काही वर्षे उशीर झाला असता तर सांगणाऱ्याच उरल्या नसत्या. हे पुस्तक पुढे इंग्रजीतही आले.

ध्वनिमुद्रण हातात आल्यावर पुढचे काम रुक्ष वाटले तरी टाळता येत नाही. एका तासाचे बोलणे उतरवायला अनेक तास लागतात, बोलीचा बाज प्रमाण भाषेत धुऊन टाकण्याचा मोह आवरावा लागतो, प्रत्येक फितीला तारीख, ठिकाण आणि विषयाची नोंद जोडावी लागते. ध्वनिफिती खराब होतात, संगणकीय फाइलींची स्वरूपे जुनी पडतात, म्हणून प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवतात. मुंबईत 1988 मध्ये स्थापन झालेली ‘स्पॅरो’ ही संस्था स्त्रियांच्या आयुष्याची ध्वनी आणि चित्ररूप साधने अशाच तऱ्हेने सांभाळते. संमती केवळ बोलण्यापुरती घेऊन भागत नाही. कोणाला ऐकवायचे, नाव छापायचे की नाही, एखादा भाग काही वर्षे बंद ठेवायचा का, हे सांगणाऱ्याने ठरवायचे असते. उतरवलेला मजकूर त्याला वाचून दाखवावा, हवी ती दुरुस्ती करू द्यावी आणि एक प्रत त्याच्या घरी ठेवावी, असा चांगल्या संग्रहांचा रिवाज आहे.