जुन्या संगणकाला ओळखीचा पोशाख

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. घरगुती ग्राहकांना नावनोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाव्यात अशी सोय ठेवली गेली. पण ती तात्पुरतीच. पुढची ‘विंडोज ११’ घ्यावी तर तिला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. त्यामुळे हातपाय धड असलेले कितीतरी संगणक एकाएकी म्हातारे ठरले.

आपण बेटांवरची माणसे. आपल्याकडे प्रत्येक यंत्र समुद्र ओलांडून येते, आणि मोडीत निघाले की टाकायला जागा नसते. न्यूझीलंड हाही बेटांचाच देश. तेथील सरकारने जुलै २०२० मध्ये विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कचऱ्याला अग्रक्रमाने हाताळण्याच्या वस्तूंच्या यादीत घातले. तेव्हा जुना संगणक फेकण्याआधी दोनदा विचार करावा, हे तेथे नवे नाही.

फुकट मिळणाऱ्या मुक्त आज्ञावलींशीही त्या देशाचे नाते जुने आहे. लेव्हिन या छोट्या गावातील होरोव्हेनुआ ग्रंथालयाची जुनी संगणक-व्यवस्था २००० साल उजाडताच कोलमडेल अशी भीती होती. म्हणून १९९९ मध्ये वेलिंग्टनच्या कटिपो कम्युनिकेशन्सकडून नवी व्यवस्था करून घेण्यात आली. ती सर्वांना मोफत खुली केली गेली आणि तिला ‘कोहा’ हे माओरी नाव मिळाले. कोहा म्हणजे भेट. आज भारतातली अनेक ग्रंथालयेही तीच वापरतात. ऑकलंडजवळच्या अल्बनी सीनियर हायस्कूलने तर २००९ मध्ये शाळा उघडली तेव्हा विद्यार्थ्यांसाठी लिनक्सवर चालणारे संगणक निवडले.

लिनक्स ही अशीच मुक्त प्रणाली. विंडोज ११ ज्या संगणकाला नाकारते, त्यावर ती बहुधा सुखाने चालते. पण घरातले वडीलधारे विचारतात, “आमची खालची पट्टी कुठे गेली? सुरुवातीचे बटण कुठे आहे?” खरी अडचण नव्या यंत्राची नसते, हरवलेल्या ओळखीची असते.

यावर उपाय आहे. लिनक्समध्ये प्रणालीचे अंग वेगळे आणि तिचा पोशाख वेगळा. पडद्यावरची पट्टी, चिन्हे, खिडक्यांच्या कडा, अक्षरांचे वळण हे सारे पोशाखात मोडते आणि ते बदलता येते. ‘लिनक्स मिंट’मध्ये खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात यादीचे बटण मुळातच असते. डब्लिनच्या झोरिन बंधूंची ‘झोरिन ओएस’ मांडणीचे तयार नमुनेच पुढे ठेवते. विंडोजसारखी मांडणी एका टिचकीसरशी मिळते. ‘केडीई प्लाझ्मा’ तर जवळजवळ प्रत्येक गोष्ट हलवू देतो. कोणी हौसेने विंडोज ९५ चे जुने करडे रूपही लिनक्सवर चढवितात. त्यासाठी ‘शिकागो९५’ नावाचा संच आहे.

हे अनुकरण चालते का, असा प्रश्न वाचक विचारतील. ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला होता, की खिडक्या आणि चिन्हांची मांडणी आमची उचलली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानेही तो फेटाळला. मात्र नावाची गोष्ट निराळी. ‘लिंडोज’ नावाची लिनक्स-प्रणाली निघाली तेव्हा मायक्रोसॉफ्टने नावावरून खटला भरला, आणि २००४ मध्ये तडजोड होऊन ते नाव सोडावे लागले. त्याबद्दल लिंडोजवाल्यांना सुमारे दोन कोटी डॉलर मिळाले. म्हणजे मांडणी ओळखीची ठेवण्यास हरकत नाही. दुसऱ्याचे नाव आणि बोधचिन्ह मात्र वापरू नये.

आता काळजीच्या गोष्टी. पहिली, सारा मजकूर आणि छायाचित्रे आधी दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावीत. दुसरी, प्रणाली पेन-ड्राइव्हवरून चालवून पाहावी. तशाने संगणकावर काही बदलत नाही, आणि छपाई-यंत्र, वायफाय, आवाज चालतात की नाही ते कळते. तिसरी, पोशाखाचे संच अनोळखी ठिकाणाहून घेऊ नयेत. मार्च २०२४ मध्ये केडीईसाठी कुणीतरी बनविलेला एक संच बसविताच एका वापरकर्त्याच्या फायली पुसल्या गेल्या, आणि केडीईला सर्वांना सावध करावे लागले. संचाच्या आत आज्ञाही असू शकतात, हे विसरू नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वेष बदलला तरी अंग लिनक्सचेच राहते. विंडोजसाठी लिहिलेली प्रत्येक आज्ञावली त्यावर चालणार नाही. हिशेबाची एखादी खास आज्ञावली असेल तर आधी चौकशी करावी. आणि आजी-आजोबांना प्रामाणिकपणे सांगावे, की हे विंडोज नव्हे, तिच्यासारखे दिसणारे दुसरे आहे. फसवून दिलेली ओळख पहिल्या अडचणीतच तुटते. सांगून दिली, तर ती शिकण्याची पहिली पायरी होते. महिन्या-दोन महिन्यांनी हात बसला की पोशाख हवा तसा बदलावा.

शेवटी आमची एक आवडीची सूचना. पट्टी आणि चिन्हे बसवून झाली की भाषेच्या मांडणीत मराठी जोडावी. इनस्क्रिप्ट कळफलक निवडला की देवनागरी थेट उमटते. इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहिण्याचीही सोय आहे. यादीतली बरीच नावेही मराठीत येतात. त्यासाठी वेगळा पैसा पडत नाही. नातवंडांना पत्र लिहायचे असेल, तर संगणक कोणत्या वेषात आहे हे त्यांना दिसणार नाही. अक्षरे मराठी आहेत, एवढे मात्र नक्की दिसेल.