बांधकामावर पडून होणारे अपघात

अडखळणं, घसरणं: एकाच पातळीवरचं पडणं. वाटेत सळयांचे तुकडे, खिळे न काढलेल्या फळ्या, लोंबत्या वायरी, ओला स्लॅब. डोक्यावर घमेलं घेतलेल्या बिगारी बाईला पायाखालचं नीट दिसत नाही. सावरायला हात टेकला की मनगट मोडतं, घोटा मुरगळतो. उभ्या सळईवर पडल्यास जखम जीवघेणी ठरू शकते, म्हणून सळयांच्या टोकांना टोप्या बसवतात.

उंचीवरून पडणं: परांची, शिडी, स्लॅबची उघडी कड, डक्ट, लिफ्टचा खड्डा. मार डोक्याला आणि मणक्याला. मणक्याला इजा झाल्याचा संशय असेल तर जखमीला उचलून बसवू नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिका: १०८.

हेल्मेट की हार्नेस? दोन्ही. हेल्मेट (आयएस २९२५) वरून पडणाऱ्या वस्तूपासून वाचवतं. पडणाऱ्या माणसाला थांबवतो तो हार्नेस (आयएस ३५२१), तोही हुक भक्कम आधाराला अडकवला असेल तरच.

कायदा: बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा १९९६ चा; २०२० च्या श्रमसंहितांत तो सामावला. महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वय १८ ते ६०, आधीच्या वर्षात किमान ९० दिवस काम. मंडळाकडे नोंदणी नसली तरी कामावरच्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी मालकाचीच.