वाटणीचे कागद

अब्राहम लिंकन पेशाने वकील होते. इलिनॉय राज्यात वीसहून अधिक वर्षं त्यांनी लोकांचे खटले चालवले. पण १५ एप्रिल १८६५ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचं स्वतःचं मृत्युपत्र नव्हतं. त्यांच्या मिळकतीचा निवाडा राजधानीतल्या एखाद्या मोठ्या न्यायालयात झाला नाही. तो झाला स्प्रिंगफील्ड या त्यांच्या गावात, सँगमन काउंटीच्या कोर्टात. थोरला मुलगा रॉबर्ट याने वडिलांचे जुने स्नेही डेव्हिड डेव्हिस यांना गळ घातली. डेव्हिस त्या वेळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. तरीही त्यांना काउंटीच्या कोर्टाकडूनच प्रशासक म्हणून नेमणूक घ्यावी लागली आणि पै-पैचा हिशेब तिथेच द्यावा लागला. १८६७च्या अखेरीस १,१०,२९६ डॉलर ८० सेंटची वाटणी झाली. पत्नी मेरी, रॉबर्ट आणि धाकटा टॅड यांना प्रत्येकी ३६,७६५ डॉलरांहून थोडे जास्त मिळाले. डेव्हिसांनी मेहनताना घेतला नाही.

राष्ट्राध्यक्ष असो की चाळीस एकरांचा शेतकरी, माणूस गेला की त्याची मिळकत काउंटीच्या दारात येते. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या जागी असलेलं, पण बहुधा त्याहून लहान असं प्रशासकीय एकक. देशभर अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि बहुतेकींच्या कचेऱ्यांत स्थापनेपासूनचं किंवा शेवटच्या आगीपासूनचं प्रोबेटचं, म्हणजे मृतांच्या मिळकतीच्या निवाड्याचं, दफ्तर आहे. कोर्टाचं काम रुक्ष: मृताचं देणं भागवा, उरलेलं हक्कदारांना द्या. ते काम चोख व्हावं म्हणून जे लिहून ठेवावं लागलं, त्यातून सामान्य अमेरिकन माणसाच्या घरादाराचा जेवढा तपशील उरला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदांत सापडेल.

वंशावळ शोधणारे हौशी लोक या दफ्तरात शिरतात ते मृत्युपत्र मिळवायला. ते मिळालं की नक्कल घेऊन निघून जातात. खरं तर पूर्ण बाडात मृत्युपत्र हा अनेकदा सर्वांत कमी बोलणारा कागद असतो. माणसाला जे सांगायचं होतं तेवढंच त्यात असतं. त्याने जे सांगितलं नाही, ते पुढच्या कागदांत येतं.

बाडाची सुरुवात अर्जाने होते. अमुक इसम अमुक दिवशी वारला, त्याच्यामागे हे हे वारस आहेत, ते इथे इथे राहतात. मुलीचं लग्नानंतरचं आडनाव, दूरच्या राज्यात गेलेल्या मुलाचा ठावठिकाणा या एका कागदावर मिळून जातो. मृत्युपत्र असेल तर साक्षीदार येऊन शपथेवर सांगतात की सही आमच्यासमोर झाली. मृत्युपत्रात नेमलेली व्यक्ती म्हणजे एक्झिक्युटर. मृत्युपत्रच नसेल तर कोर्ट नेमतं तो प्रशासक. त्याच्याकडून जामीनपत्र लिहून घेतलं जातं. जामीन राहणारे बहुधा मेहुणे, व्याही किंवा शेजारी असतात, म्हणून जाणकार संशोधक त्यांची नावं आधी टिपतो. मग कोर्टाने नेमलेले पंच घरी जाऊन एकेका वस्तूची किंमत लिहितात. धनकोंसाठी वर्तमानपत्रात नोटीस निघते. वस्तूंचा लिलाव होतो आणि कोणी काय कितीला घेतलं याची यादी जोडली जाते. डॉक्टरची, शवपेटी करणाऱ्या सुताराची, किराणा दुकानाची बिलं येतात. शेवटी अंतिम हिशेब आणि वाटणीचा हुकूम. मुलं लहान असतील तर पालक नेमण्याचं वेगळं प्रकरण उघडतं. बाप वारला की आई जिवंत असूनही कायद्याच्या लेखी मूल अनाथ, असा तो काळ होता. पालकाला मुलाचे बूट, पाट्या-पुस्तकं, शाळेची फी यांचा वर्षावर्षाला हिशेब द्यावा लागे.

हे सगळं शोधायचं तर पहिला प्रश्न माणसाच्या नावाचा नसतो, जागेचा असतो. मृत्यूच्या वेळी तो कुठल्या काउंटीत राहत होता? आणि ती काउंटी त्या वर्षी अस्तित्वात होती का? व्हर्जिनियातली ऑगस्टा काउंटी १७३८ साली कायद्याने निर्माण झाली, तेव्हा तिची हद्द कागदोपत्री थेट मिसिसिपी नदीपर्यंत जात होती. पुढे तिच्यातून कितीतरी काउंट्या फुटल्या, पण जुने कागद मूळ काउंटीतच राहिले. कुटुंब त्याच घरात, त्याच शेतावर राहिलं, तरी त्याच्या तीन पिढ्यांचे कागद तीन कचेऱ्यांत असू शकतात. दुसऱ्या राज्यात जमीन असेल तर तिथेही एक जोडप्रकरण उघडलेलं असतं.

कोर्टाचं नावही राज्यागणिक बदलतं. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत सरोगेट, पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलँडमध्ये ऑर्फन्स कोर्ट, जॉर्जियात पूर्वी कोर्ट ऑफ ऑर्डिनरी. उत्तर कॅरोलिनात हे काम सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे, टेक्ससमध्ये काउंटी क्लार्ककडे. कनेक्टिकटमध्ये प्रोबेटचे स्वतंत्र जिल्हे आहेत. फ्रेंच-स्पॅनिश कायद्याचा वारसा सांगणाऱ्या लुइझियानात काउंटी नाहीच; तिथे पॅरिश असते आणि प्रकरणाला सक्सेशन म्हणतात. चुकीच्या खिडकीपाशी उभं राहिलं की ‘असं काही आमच्याकडे नाही’ हे उत्तर खरंच असतं.

योग्य खिडकी सापडली की सूचीपुस्तकं पुढ्यात येतात. पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गच्या रसेल कंपनीची सूची अनेक काउंट्यांनी वापरली. तिच्यात नावं सरळ अकारविल्हे नाहीत. आडनावाच्या पहिल्या अक्षरानंतर एल, एम, एन, आर, टी या पाचांपैकी कुठलं अक्षर आधी येतं ते बघायचं आणि त्या रकान्यात जायचं. मिलर एलमध्ये, स्मिथ एममध्ये, बेकर आरमध्ये. नवख्याला हे चक्रावून टाकतं. पण इंग्रजी आडनावांत स्वरांची वर्तनी सतत बदलते आणि ही व्यंजनं सहसा टिकतात, हे ओळखूनच ती बांधलेली होती.

सूचीतून खंड आणि पान मिळतं. त्या जाड खंडात असते ती कारकुनाने उतरवून घेतलेली प्रत, आणि कारकुनाच्या हातून आकडा, ओळ, कधी एखाद्या मुलाचं नावही सुटतं. अस्सल सही, किंवा सहीच्या जागी काढलेली फुली, सुट्या कागदांच्या पुडक्यात असते. ती पुडकी काही ठिकाणी कचेरीत आहेत, काही ठिकाणी राज्य अभिलेखागारात गेली आहेत. म्हणून नक्कल मागताना ‘मृत्युपत्र द्या’ म्हणू नये. प्रकरण क्रमांक लिहून ‘संपूर्ण फाइल द्या’ म्हणावं.

पुडक्यातल्या सगळ्यांत मोलाच्या कागदाचं, म्हणजे पंचांच्या यादीचं, वजन कळायला व्हर्जिनियातल्या आल्बेमार्ल काउंटीत जावं लागतं. माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारले. मार्चमध्ये केलेल्या मृत्युपत्राच्या पुरवणीत त्यांनी पाच गुलाम पुरुषांना मुक्त केलं होतं: बरवेल कोलबर्ट, जॉन हेमिंग्स, जो फॉसेट, मॅडिसन आणि एस्टन हेमिंग्स. मृत्युपत्र वाचून थांबणाऱ्याला इथे एक उदार म्हातारा दिसतो. पण डोक्यावर लाखाहून अधिक डॉलरचं कर्ज होतं, आणि जानेवारी १८२७मध्ये माँटिसेलो या त्यांच्या मळ्यावर लिलाव पुकारला गेला, तेव्हा जाहिरातीत १३० गुलामांचा आकडा होता. जो फॉसेट मुक्त होणार होता. त्याची बायको एडिथ आणि मुलं विकायला उभी होती. मॅडिसन आणि एस्टनची आई सॅली हेमिंग्स हिचं नाव मृत्युपत्रात कुठेही नाही. ते आहे मालमत्तेच्या मूल्यांकनात, आणि त्यापुढे किंमत आहे: ५० डॉलर.

अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांसाठी प्रोबेटच्या याद्यांचं महत्त्व इथे आहे. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रकं होती. त्यांत नाव असे मालकाचं, गुलामाच्या वाट्याला सहसा फक्त वय, लिंग आणि वर्ण. मुक्त झालेल्या बहुसंख्य लोकांची नावं देशाच्या जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० साली. त्यामागे जायचं तर मालकाच्या मृत्यूनंतरच्या यादीत जावं लागतं. तिथे बैल, नांगर आणि पितळी हंड्यांच्या रांगेत माणसांची नावं सापडतात. किंमत ठरवायची आणि वाटणी करायची म्हणून पंचांना ती लिहावी लागली. आई आणि तान्हं मूल एकत्र मोजलं असेल तर नातंही कळतं. वाटणीच्या हुकुमात कोण कुठल्या वारसाकडे गेलं हेही कळतं, म्हणजे कुटुंब कुठे तुटलं तेही.

इतिहासकारांनीही या याद्या हाती घेतल्या. ॲलिस हॅन्सन जोन्स यांनी तेरा वसाहतींतल्या, १७७४च्या आसपासच्या ९१९ मृतांच्या याद्या तपासून स्वातंत्र्यापूर्वीच्या अमेरिकेत संपत्ती किती होती आणि कोणाकडे होती याचा अंदाज बांधला. त्यात एक मोठी मेख होती. मेलेले लोक जिवंतांपेक्षा वयाने मोठे आणि बहुधा सधन असतात. शिवाय ज्याच्याकडे वाटण्यासारखं काहीच नव्हतं, त्याचं प्रकरण कोर्टात येतच नाही. त्यासाठी त्यांना आकड्यांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. विवाहित स्त्रियांचं तेच. एकोणिसाव्या शतकात राज्याराज्यांतून कायदे बदलेपर्यंत नवरा हयात असलेल्या स्त्रीच्या नावे फारशी मिळकतच नसे; विधवा झाल्यावर ती कागदावर येते.

आणि कागद जळतातही. १८७१च्या आगीत शिकागोचं, म्हणजे कुक काउंटीचं, दफ्तर गेलं. १८८४च्या दंगलीत सिनसिनाटीचं कोर्ट पेटलं. यादवी युद्धात मार्था वॉशिंग्टन यांचं मृत्युपत्र फेअरफॅक्स काउंटीच्या कचेरीतून पळवलं गेलं आणि फिरत फिरत धनाढ्य जे. पी. मॉर्गन यांच्या संग्रहात पोचलं. व्हर्जिनियाने सर्वोच्च न्यायालयात दावा लावल्यावर १९१५ साली ते परत आलं. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं मृत्युपत्रही त्याच काउंटीच्या ताब्यात आहे.

उरलेलं वाचवण्यात मॉर्मन पंथाच्या वंशावळ संस्थेचा वाटा मोठा आहे. १९३८पासून तिने जगभरच्या कचेऱ्यांतल्या नोंदींची मायक्रोफिल्म केली. आज तिच्या फॅमिलीसर्च या सेवेवर त्यातलं बरंच घरबसल्या, विनामूल्य दिसतं. तरी सूची होती ती मृताच्या नावाचीच. २०२४मध्ये संगणकाने हस्ताक्षर वाचून प्रत्येक शब्द शोधता येण्याची सोय अमेरिकेतल्या जमिनीच्या आणि प्रोबेटच्या नोंदींसाठी सुरू झाली. जामीनदार, लिलावात चमचे घेणारी शेजारीण, यादीतला गुलाम, ज्यांच्या नावाने कधी फाइलच उघडली नव्हती असे सगळे आता शोधता येतात. यंत्र अक्षर चुकतं, म्हणून मूळ पान वाचायलाच हवं. पण कुठलं पान, हे कळणं हेच आधी अवघड होतं.

प्रोबेट ही केवळ जुन्या कागदांची गोष्ट नाही. गायिका अरेथा फ्रँकलिन ऑगस्ट २०१८मध्ये वारल्या. मृत्युपत्र नाही असं मानलं गेलं, पण पुढच्या वर्षी घरात हस्तलिखितं निघाली. त्यांतलं २०१४चं सोफ्याच्या गादीखाली, एका वहीत होतं. मिशिगनमधल्या ओकलंड काउंटीच्या प्रोबेट कोर्टात जुलै २०२३मध्ये ज्युरीने तेच ग्राह्य ठरवलं. न्यू जर्सीत २१ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा सरोगेट मतदार निवडून देतात. त्या राज्यात स्थायिक झालेल्या मराठी माणसाचं मृत्युपत्रही त्याच्या काउंटीच्या सरोगेटपुढेच जातं, आणि मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्याशिवाय मंजूर होत नाही.

मात्र पैसेवाले या दारात येणं टाळू लागले आहेत. १९६५ साली नॉर्मन डेसी यांचं प्रोबेट कसं टाळावं हे सांगणारं पुस्तक तुफान खपलं. त्यांचा उपाय होता हयातीतच मिळकत ट्रस्टच्या नावे करणं. त्यात खर्च आणि वेळ वाचतो, वर गुप्तता राहते: ट्रस्टचा दस्त कोर्टात दाखल होत नाही, म्हणून तो बाहेरचा कोणी मागवूही शकत नाही. जिवंत माणसाच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे. पण दफ्तराचं स्वरूप त्याने पालटतं. दोनशे वर्षांपूर्वी या कागदांत निर्धन दिसत नव्हते. पुढच्या संशोधकाला कदाचित धनवान दिसणार नाहीत. जेफरसन यांनी आपली मिळकत अशा ट्रस्टमध्ये ठेवली असती, तर सॅली हेमिंग्स यांच्या नावापुढचे ते ५० डॉलर काउंटीला लिहावेच लागले नसते.