दायमाबादचा रथ कोणत्या काळचा?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठी दायमाबाद नावाचे एक ओस गाव आहे. तिथे १९७४ साली एका भिल्ल गृहस्थाला झुडपाचे मूळ खणताना तांब्याच्या मिश्रधातूच्या चार वस्तू लागल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक बैलजोडीचा रथ. सगळ्या भरीव ओतीव. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर! रथ ४५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मापाने हातभर लांब. त्यात माणूस उभा आहे नि पुढे दांडीवर कुत्रा. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत, हत्तीची चाके तेवढी हरवली आहेत.

आता प्रश्न असा की, या वस्तू किती जुन्या?

म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि साळी या संशोधकांच्या मते त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. साळींनी १९७५ ते १९७९ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा खालच्या थरांत हडप्पा लिपीच्या खुणा असलेली मुद्रा व खापरे मिळाली. सिंधूकाठचे लोक प्रवरेपर्यंत पोचले होते, याला हा चांगला आधार आहे. मग रथही त्यांचाच असेल, असे मन म्हणते. पण मन म्हणते आणि पुरावा म्हणतो यांत अंतर असते ना!

डी. पी. अग्रवाल यांनी धातूची तपासणी पाहून शंका काढली. या वस्तूंत आर्सेनिक, म्हणजे सोमलातले मूलद्रव्य, एक टक्क्याहून जास्त आहे. ताम्रपाषाण काळच्या इतर वस्तूंत ते असे मिसळलेले दिसत नाही. तेव्हा या वस्तू बऱ्याच नंतरच्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे. यावर उलट उत्तरही आहे: खुद्द हडप्पा-मोहेंजोदडोच्या काही वस्तूंत आर्सेनिक सापडते.

कोळसा किंवा हाड असते तर कार्बन-१४ पद्धतीने वय काढता आले असते. नुसत्या धातूचे वय तसे निघत नाही. ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती यावरूनच ठरवावे लागते. जुन्या गावठाणाला आपण पांढर म्हणतो. त्या पांढरीत पिढ्यांमागून पिढ्यांची माती, राख, खापरे एकावर एक बसलेली असतात. कुदळ पडली की पाने उलटीपालटी झाली. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे जमिनीतले धन सापडल्यास कलेक्टरला कळवणे बंधनकारक केले आहे. ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. ढोरांमागे हिंडणाऱ्या पोरांच्या नजरेला जे पडते, ते आम्हां प्राध्यापकांच्या पडत नाही.

माझे मत विचाराल तर पारडे जुन्या काळाकडे झुकते. मात्र ते सारे परिस्थितीजन्य पुराव्यावर. चारही वस्तू झुडपाच्या मुळाशी मिळाल्या, उत्खननाच्या खड्ड्यात नाहीत. अग्रवालांची शंका उभी आहे ती त्यामुळेच.