कानाच्या कडेवरील दुखरी गाठ : कारणे व पारख

दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला रात्रीची झोप ही मोठी विश्रांती होय. परंतु पन्नाशीच्या पुढील काही पुरुषांना ही विश्रांतीही लाभत नाही. कानाच्या वरच्या कडेवर तुरीच्या दाण्याएवढी टणक गाठ येते आणि त्या कुशीवर वळताच कळ येऊन जाग येते. कोणी ही गाठ किरकोळ समजून अंगावर काढतो. कोणी कुष्ठरोगाच्या भीतीने ती मुंडाशाखाली झाकून ठेवतो. दोन्ही गोष्टी घातक आहेत. म्हणून या गाठीची पारख कशी करावी, हे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

गाठ का येते?

कानाच्या कडेला हाड नसते. तिला कूर्चेचा आधार असतो. या कूर्चेवर कातडीचा पातळ थर असतो व खाली चरबीची गादी जवळजवळ नसते. रक्तपुरवठाही बेताचाच असतो. कठीण उशीवर किंवा उशाशी हात घेऊन रोज एकाच कुशीवर निजल्यास डोक्याचा भार त्या कडेवर पडतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि कातडी व कूर्चा यांचे पोषण खुंटून दाह सुरू होतो. वर्षानुवर्षे उन्हाने जीर्ण झालेली कातडी व कडाक्याची थंडी यांमुळे या विकारास वाव मिळतो. घट्ट हेल्मेट किंवा तासन् तास कानाशी दाबून धरलेला दूरध्वनी हीदेखील कारणे होत. विंक्लर नावाच्या डॉक्टरांनी 1915 साली या विकाराचे प्रथम वर्णन केले. तो संसर्गजन्य नाही व कर्करोगही नाही.

पारख कशी करावी?

1. गाठ बहुधा एकाच कानावर, ज्या कुशीवर माणूस निजतो त्या बाजूस असते.
2. ती लहान, गोलसर व टणक असून मध्यभागी खपली असते.
3. नुसत्या दाबानेही ती तीव्रतेने दुखते. ही मुख्य खूण होय.

कुष्ठरोगाच्या गाठी बहुधा दुखत नाहीत. त्या बहुतेक दोन्ही कानांच्या पाळ्यांवर येतात, पाळ्या जाड होतात, चेहऱ्यावरही गाठी दिसतात, भुवया विरळ होतात. अंगावर बधिर चट्टेही असू शकतात. वातरक्ताच्या गाठी पांढुरक्या असून सहसा दुखत नाहीत. अशा रोग्यास पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजल्याचा पूर्वानुभव बहुधा असतो. कान टोचल्यावर व्रणाच्या जागी वाढणारी गाठ निराळी.

जी गाठ सतत वाढते, जिच्यातून रक्त येते किंवा जिची जखम भरत नाही, ती कर्करोगाची असू शकते. नुसत्या डोळ्यांनी हा भेद नेहमी कळत नाही. अशा वेळी डॉक्टर गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या तपासणीस विलंब करू नये.

काय करावे, काय टाळावे?

पहिला उपाय म्हणजे दाब काढणे. कूस बदलावी, अथवा मऊ उशीच्या मध्यभागी भोक पाडून कान त्या पोकळीत येईल असे निजावे. हा नियम कित्येक आठवडे नेटाने पाळावा लागतो. उन्हात कान झाकेल असा सैल रुमाल बांधावा. गाठीवर बिब्बा किंवा चुना लावू नये, डाग देऊ नये, खपली खरवडू नये. एवढ्यानेही गुण न आल्यास डॉक्टर औषध देतात किंवा लहानशी शस्त्रक्रिया करून बिघडलेली कूर्चा काढतात. मात्र दाब कायम राहिला तर गाठ पुन्हा उद्भवते.

कार्यकर्त्यांनी कानावर गाठ असलेल्या माणसास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : दुखते काय? कोणत्या कुशीवर निजता? गाठ वाढते किंवा तिच्यातून रक्त येते काय? उत्तर काहीही असो, त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. समजा कुष्ठरोगच निघाला, तरी शासकीय केंद्रात त्यावर मोफत औषध मिळते व तो पूर्ण बरा होतो. तेव्हा गाठ झाकू नये, दाखवावी.